खाकी कव्हर घालून वाचा: लेखकाच्या नावाआडचं सुपरहिरो कॉमिक कसं जोखायचं

सुपरहिरो कॉमिक्स वाचायला लागून महिनाही होत नाही, तोच कुणीतरी बजावतं, “फ्रँक मिलरचं घेऊ नकोस, त्याचे विचार तसले आहेत.” दुसरं कुणी सांगतं, “ॲलन मूर असेल तर डोळे मिटून घे.” दोघंही आपुलकीनेच सांगतात. पण पुस्तक उघडायच्या आधीच तुमचा निकाल लागलेला असतो, आणि मग पानावर काय आहे ते दिसतच नाही.

मी दोन्हीकडून फसले. मिलरचं मी पहिलं वाचलं ते ‘होली टेरर’. हे २०११ चं पुस्तक. मुळात बॅटमन अल-कायदाशी लढतो अशी ती कल्पना होती. शेवटी बॅटमन वगळून, दुसऱ्याच नायकाला घेऊन, दुसऱ्या प्रकाशकाकडून ते आलं. त्यातला एका अख्ख्या समाजाबद्दलचा राग वाचून मी इतकी वैतागले, की पुढे एका मैत्रिणीने मिलरचंच ‘बॅटमन: इयर वन’ हातात ठेवलं तेव्हा चार दिवसांनी ते न उघडताच परत केलं. दोन वर्षांनी वाचलं आणि खूप हळहळले.

उलट बाजूने फसले ती मूरच्या ‘द किलिंग जोक’ या बॅटमन-कथेमध्ये. आमच्या वाचनगटात मी त्यावर अर्धा तास भरभरून बोलले. बोलून झाल्यावर अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, “ताई, बार्बराला गोळी लागते, मग त्या गोष्टीत तिचं पुढे काय होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं काहीच होत नाही. जोकर तिला गोळी घालतो ती तिच्या वडिलांना, म्हणजे पोलीस अधिकारी गॉर्डनला, छळण्यासाठी, आणि नंतर गोष्ट तिला विसरून जाते. हे मला वाचताना खटकलं नव्हतं, कारण मी पान वाचतच नव्हते, मूरचं नाव वाचत होते. खुद्द मूरनेही पुढे या पुस्तकाबद्दल नापसंतीच दाखवली आहे. बार्बराला ऑरॅकल म्हणून, व्हीलचेअरवरून संगणकाच्या जोरावर लढणारी नायिका म्हणून, नवं आयुष्य दिलं ते किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या दुसऱ्याच लेखकांनी.

त्यानंतर मी वाचायची एक पद्धत बसवली. नव्याने येणाऱ्यांना ती उपयोगी पडेल म्हणून इथे पायरीपायरीने देते.

हाताशी काय हवं

• पूर्ण कथा. सुटा अंक किंवा मोबाइलवर फिरणारी चार चित्रं चालणार नाहीत. संग्रहित आवृत्ती घ्या आणि तिच्यात कोणते अंक आहेत ते आत बघा. उदाहरणार्थ, ‘इयर वन’ म्हणजे बॅटमन मासिकाचे ४०४ ते ४०७ हे १९८७ चे चार अंक.
• श्रेयनामावलीचं पान. लेखक, पेन्सिलर (पेन्सिलीने चित्रं काढणारा), इंकर (त्यांवर शाई फिरवणारा), कलरिस्ट (रंग देणारा), लेटरर (अक्षरं लिहिणारा), संपादक अशी सगळी नावं त्यावर असतात.
• एक वही. मोबाइलवर टिपणं काढाल तर हात आपोआप लेखकाचं नाव शोधायला जाईल.
• शाळेच्या पुस्तकांना घालायचा खाकी कागद.
• शक्य असेल तर दुसरा एक वाचक, ज्याला या लेखकाबद्दल काहीही माहीत नाही.

१. बदनामी कशाची आहे, ते आधी एका ओळीत लिहा

“त्याचं नाव खराब आहे” हे वाक्य फार ढोबळ आहे. त्याच्या पोटात तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. एक, तो लिहितोच वाईट. दोन, माणूस म्हणून त्याचं वागणं किंवा त्याची मतं पटत नाहीत. तीन, त्याने माझ्या लाडक्या नायकाचं वाटोळं केलं. पहिलीचं उत्तर पुस्तकातच मिळेल. तिसरीचं बऱ्याचदा लेखकाकडे नसतंच, ते पाचव्या पायरीत येईल. दुसरी सगळ्यांत अवघड. ती पुस्तकात उतरली आहे की पुस्तकाबाहेर राहिली आहे, हे दर वेळी नव्याने बघावं लागतं.

मोठ्या नावालाही हाच नियम लावा. “थोर लेखक” म्हणजे नेमका कशात थोर? संवादात, रचनेत, की केवळ एका जुन्या पुस्तकामुळे?

२. पुस्तकाला कव्हर घाला

हे मी शब्दशः म्हणते आहे. जून महिन्यात आपण वह्या-पुस्तकांना घालायचो तसं खाकी कव्हर घाला, पुढचं-मागचं सगळं झाकून टाका. मागच्या पानावरची स्तुतिवाक्यंही झाकली जातात. प्रस्तावना वाचू नका, ती शेवटी.

नाव तर तुम्हाला आधीच माहीत असतं, मग कव्हरचा काय उपयोग, असं वाटेल. पण दर वेळी पुस्तक उचलताना ते नाव डोळ्यांसमोर न येणं यानेही फरक पडतो. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचताना ली फॉक हे नाव आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं होतं? कवटीची गुहा आवडली म्हणून पुढचा अंक मागायचो, नाही आवडला तर बाजूला ठेवायचो. आपला निकाल तेव्हा सरळ होता.

कुणाला वाचायला द्यायचं असेल तर लेखकाबद्दल एक अक्षर न बोलता द्या. माझ्या भाचीला मी ‘डेअरडेव्हिल’चे २२७ पासूनचे अंक, म्हणजे मिलरचं ‘बॉर्न अगेन’, असेच कव्हर घालून दिले. तिला मिलर माहीत नव्हता. तिने पहिली गोष्ट सांगितली ती मला कधीच दिसली नव्हती: “मावशी, प्रत्येक भाग सुरू होतो तेव्हा हा माणूस झोपलेला असतो, आणि दर वेळी आधीपेक्षा वाईट जागी.” पहिल्यांदा स्वतःच्या बिछान्यात, मग स्वस्तातल्या लॉजच्या खोलीत अंग मुडपून, मग गल्लीतल्या कचऱ्यात. नायकाची घसरण संवादाशिवाय, पहिल्याच पानावर कळते.

३. पानावर कोणाचं काम कोणतं, ते वेगळं काढा

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून या पायरीला वेळ द्या. कॉमिक हे एकट्या लेखकाचं काम नसतं. आपण मात्र सगळं यश आणि सगळं अपयश लेखकाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

‘द किलिंग जोक’ हे याचं अगदी हातात धरून बघण्यासारखं उदाहरण आहे. १९८८ मध्ये ते आलं तेव्हा रंग जॉन हिगिन्सने दिले होते, भडक, जांभळे-केशरी, अंगावर येणारे. २००८ च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंडने स्वतः ते नव्याने रंगवलं, थंड आणि करडं. जोकरच्या भूतकाळातले प्रसंग जवळजवळ रंगहीन झाले, त्यात एखादीच लाल वस्तू उठून दिसते. शब्द तेच, रेषाही जवळपास त्याच. तरी पहिली आवृत्ती जत्रेतल्या वाईट स्वप्नासारखी वाटते आणि दुसरी पोलीस फायलीसारखी. “मूरने काय वातावरण उभं केलंय!” असं म्हणायच्या आधी तुमच्या हातात कोणती आवृत्ती आहे ते बघा. (मला स्वतःला जुनी आवडते.)

मार्व्हलच्या साठच्या दशकातल्या अंकांत तर ‘लेखक’ या शब्दाचा अर्थच निराळा आहे. स्टॅन ली पटकथा लिहून देत नसे. कथेची थोडक्यात चर्चा व्हायची, मग जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिटको पानंच्या पानं रचून काढायचे आणि त्यावर ली संवाद लिहायचा. म्हणजे गोष्ट कुठे वळते, कुठे थांबते, हे पुष्कळदा चित्रकाराने ठरवलेलं असायचं. वर्षानुवर्षं कीर्ती मात्र ज्याचं नाव मोठ्या अक्षरात होतं त्याचीच झाली.

बॅटमनचंही तेच. १९३९ पासून श्रेय एकट्या बॉब केनचं छापलं जात होतं. पात्र घडवण्यात मोठा वाटा असलेल्या बिल फिंगरचं नाव निर्माता म्हणून अधिकृतपणे लागलं ते २०१५ मध्ये. फिंगर १९७४ मध्येच गेला होता. छापलेल्या नावावर किती विसंबायचं, याचा विचार मला त्यानंतर जास्त गांभीर्याने करावासा वाटू लागला.

वहीत चार रकाने पाडा: प्रसंग आणि रचना, संवाद, चित्र, रंग आणि अक्षरं. आवडलेली आणि खटकलेली प्रत्येक गोष्ट यांपैकी एकात लिहा. कशात टाकायची ते कळलं नाही तर मध्ये लिहा. कॉमिकमध्ये बरंच काही मध्येच असतं.

४. एकच प्रसंग घ्या आणि चौकटीचौकटीने वाचा

पूर्ण पुस्तकावर मत देण्याआधी तीन-चार पानं निवडा आणि त्यांवर अर्धा तास बसा. सरावासाठी मी नेहमी ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा ३३ वा अंक देते, १९६६ चा. कथानक आणि चित्रं डिटकोची, संवाद लीचे.

स्पायडर-मॅन एका अजस्र यंत्राखाली अडकला आहे. छतातून पाणी गळतंय. मे काकूचा जीव वाचवणारं औषध समोर, हाताला न लागणाऱ्या अंतरावर पडलं आहे. सुरुवातीची पानं फक्त एवढ्यावर चालतात: तो जोर लावतो, हरतो, काकूचा विचार करतो, परत जोर लावतो. चौकटींकडे बघा. आधी त्या लहान, दाटीवाटीच्या आहेत आणि यंत्र त्यांना वरून दाबत असल्यासारखं वाटतं. तो जसजसा यंत्र उचलू लागतो तसतशी चौकट वाढत जाते. आणि मग अख्ख्या पानावर एकच चित्र, यंत्र डोक्यावर घेतलेला तो. ओझं उतरल्याची जाणीव तुमच्या डोळ्यांना चौकटीच्या मापातून होते. आता लीचे शब्द झाकून पुन्हा बघा. प्रसंग तरीही कळतो. शब्द उघडा, काकूची तगमग त्यांनीच येते. दोघांचं काम असं वेगळं आणि एकत्र दोन्ही दिसतं.

डिटको आयन रँड या व्यक्तिवादी लेखिकेच्या विचारसरणीचा कट्टर अनुयायी होता. ती मला मुळीच पटत नाही, त्याची पुढची उपदेशपर कॉमिक्स वाचताना मी दमते. पण माणसाने स्वतःच्या इच्छाशक्तीवर उभं राहावं, ही त्याची धारणा नसती तर ही पानं इतक्या हट्टाने रचली गेली असती का, असा प्रश्न मला पडतो. न पटणाऱ्या मतातूनही कधी कधी पानाला बळ मिळतं. तेही वहीत लिहायला हवं.

दुसरा सराव ‘इयर वन’च्या सुरुवातीवर करा. पोलीस अधिकारी गॉर्डन गॉथममध्ये रेल्वेने येतो, ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमन, विमानाने. गॉर्डनला वाटतं, वरून बघितलं असतं तर शहर निदान सभ्य तरी वाटलं असतं. वेनला वाटतं, रेल्वेनेच यायला हवं होतं, शत्रू जवळून दिसला असता. काही ओळींत दोन माणसं उभी राहतात, आणि ही मिलरची लेखणी आहे. कोण बोलतंय हे कुठेही सांगावं लागत नाही, कारण लेटरर टॉड क्लाइनने दोघांच्या मनातल्या शब्दांना वेगवेगळी हस्ताक्षरं दिली आहेत. डेव्हिड मझुकेलीची चित्रं आणि रिचमंड लुईसचे मळकट रंग यांनी शहर थकलेलं दिसतं. हेच मी न उघडता परत केलं होतं.

५. निर्णय खरंच लेखकाचा होता का, ते तपासा

“त्याने जेसन टॉडला मारलं” हा आरोप लेखक जिम स्टारलिनवर अजून होतो. टॉड म्हणजे बॅटमनचा साथीदार, दुसरा रॉबिन. १९८८ मध्ये त्याचं काय करायचं, हे बॅटमनच्या प्रकाशकाने, म्हणजे डीसीने, वाचकांना फोनवरून मत द्यायला लावून ठरवलं. ५,३४३ मतं मारण्याच्या बाजूने पडली, ५,२७१ वाचवण्याच्या. फरक ७२ मतांचा. दोन्ही शेवटांची तयारी ठेवली होती. स्टारलिनला रॉबिन हे पात्र आवडत नव्हतं हे खरं, त्याने ते लपवलंही नाही. पण शिक्का एकट्याच्या कपाळावर मारताना त्या दहा हजारांहून जास्त फोनचीही आठवण ठेवा.

२००७ च्या ‘वन मोअर डे’मध्ये पीटर (म्हणजे स्पायडर-मॅन) आणि मेरी जेनचं लग्न सैतानाशी सौदा करून पुसून टाकलं. लेखक म्हणून नाव जे. मायकेल स्ट्राझिन्स्कीचं. पण लग्न संपवायची इच्छा मुख्य संपादक जो केसाडाची होती, आणि शेवट आपल्याला मान्य नसल्याचं स्ट्राझिन्स्कीने उघडपणे सांगितलं होतं. दीर्घ मालिकांमध्ये असं वारंवार होतं. एखादं वळण फार अचानक, आधीच्या अंकांशी फटकून आलेलं वाटलं, तर लेखकाला बोल लावण्याआधी त्या महिन्यात सगळ्या मालिकांमधून एकच मोठी कथा चालू होती का, ते बघा.

आणि एखादा बदनाम लेखक मालिकेत मधूनच आला असेल, तर त्याच्या आधीचे दोन अंकही वाचा. विस्कटलेला संसार त्याच्या हाती आलेला असू शकतो.

६. बदनाम पुस्तकातलं चांगलं आणि खरंच बाधणारं, दोन्ही लिहा

मिलरचं ‘ऑल स्टार बॅटमन अँड रॉबिन’, २००५ ते २००८, दहा अंक, अपुरं राहिलेलं. त्यातला बॅटमनचा एक शिवराळ संवाद इतका फिरला, की लोक पुस्तक न वाचताच त्यावर हसतात. मीही आधी तेवढंच पाहिलं होतं. एका चौकटीवरून कॉमिक जोखणं म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा नव्हे. इथे प्रत्येक शीत वेगळं शिजवलेलं असतं.

पूर्ण वाचल्यावर माझं मत असं झालं: बरंचसं पुस्तक खरोखरच बेताल आहे. आई-वडील नुकतेच गमावलेल्या बारा वर्षांच्या मुलाला बॅटमन ज्या निर्दयपणे वागवतो ते वाचवत नाही, आणि बायकांच्या तोंडची वाक्यं पुरुषाने कल्पनेत रचलेली वाटतात. पण नवव्या अंकात ग्रीन लँटर्न या दुसऱ्या सुपरहिरोला (पिवळ्या रंगापुढे त्याची ताकद चालत नाही) हिणवण्यासाठी बॅटमन आणि रॉबिन अख्खी खोली पिवळी रंगवतात, स्वतःलाही पिवळं फासतात, आणि हा खोडसाळपणा चालू असतानाच रॉबिनच्या हातून लँटर्न मरता मरता वाचतो. तेव्हा बॅटमनच्या लक्षात येतं, की आपण या पोराला रडूच दिलेलं नाही. तो त्याला आई-वडिलांच्या कबरीपाशी घेऊन जातो, आणि दोघं एकमेकांना धरून रडतात. आधीच्या आठ अंकांतली क्रूरता कुठे जायची होती, ते तिथे समजतं. आधीच्या चुका त्याने धुऊन निघत नाहीत, पण हे पान चांगलं आहे, आणि बदनामीमुळे ते माझ्याकडून निसटलं असतं.

याच्या उलटही तितक्याच प्रामाणिकपणे लिहा. ‘होली टेरर’ वाचून मला आलेला राग पूर्वग्रहाचा नव्हता. तिथे मत पुस्तकाबाहेर राहत नाही, तेच पुस्तक होऊन बसतं. शत्रूंना चेहरे नाहीत, माणसं नाहीत, म्हणून संघर्षही नाही. काळ्या-पांढऱ्यातली काही पानं देखणी आहेत, तरी गोष्ट म्हणून ते पडतं. मिलरनेही पुढे एका मुलाखतीत, असं पुस्तक आपल्या हातून आता होणार नाही, असं सांगितलं.

‘इयर वन’लाही सूट देऊ नका. तिथली सेलिना काइल, म्हणजे पुढची कॅटवुमन, वेश्या म्हणून येते. ‘बॉर्न अगेन’मधली कॅरन पेज, डेअरडेव्हिलची जुनी प्रेयसी, व्यसनापायी त्याची खरी ओळख विकते. कॅरनचा अपराधभाव मिलरने मन लावून लिहिला आहे. सेलिनाच्या वाट्याला तेवढी पानंच येत नाहीत. मिलर बायका कशा लिहितो, ही तक्रार हवेतून आलेली नाही. ती पानापानावर तपासली की कुठे किती खरी आहे ते कळतं, आणि तुमच्या मताला वजन येतं.

७. विकत घ्यायचं का, हा हिशोब वेगळा ठेवा

पुस्तक चांगलं असणं आणि त्या माणसाला आपले पैसे द्यावेसे वाटणं, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका. जिवंत लेखकाबद्दल मनात अढी असेल तर रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून घ्या. मुंबईत फोर्टात आणि माटुंग्याला अशी कॉमिक्स अजूनही हाताला लागतात. त्या पैशातून लेखकाला काही जात नाही. नाहीतर मैत्रिणीकडून मागून घ्या. मुळीच वाचायचं नाही असं ठरवलंत, तर तोही तुमचा अधिकार आहे. फक्त मग त्या पुस्तकाच्या दर्जाबद्दल मत देऊ नका. “मी वाचलेलं नाही” एवढं सांगून थांबा.

८. आता कव्हर काढा

वहीत निकाल लिहून झाला, खाली तारीख टाकली, की मगच नाव उघडा. प्रस्तावना वाचा, मुलाखती वाचा, त्याच्याबद्दल लोक काय म्हणतात ते वाचा. नंतर खटकलेली दोन आणि आवडलेली दोन पानं पुन्हा काढून बघा. मत बदललं तर जुनं खोडू नका, त्याच्याखाली दुसऱ्या शाईने लिहा. नव्या माहितीमुळे पानावरचं काहीतरी पहिल्यांदा दिसलं, की नुसतंच मन कडू झालं, हे त्या दोन शायांतून तुम्हाला स्वतःलाच कळेल.

सुरुवात करायची असेल तर ‘इयर वन’ घ्या. चार अंक आहेत, एका रविवारी होतं. त्यानंतर ‘द किलिंग जोक’, तेही एका बैठकीचं. दोन्हींसाठी वहीत समोरासमोरची पानं ठेवा, एकीकडे बदनाम नाव, दुसरीकडे थोर नाव, आणि रकाने तेच चार. माझ्या वहीत मूरच्या बाजूला ‘प्रसंग आणि रचना’ या रकान्यात त्या अकरावीतल्या मुलीचा प्रश्न लाल शाईने लिहिलेला आहे.